हवालदारीणबाईंचं इंग्रजी

आमच्या आत्यांइतकं ठणठणीत इंग्रजी बोलणारं माणूस किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत दुसरं नाही, आणि ते इंग्रजी माझ्याइतकं सोसलेलंही दुसरं कुणी नाही. मी स्वतः मुरबाडच्या वाटेवरच्या एका शाळेत अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या, चौथीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेल्या. पण यजमान तोफखान्यात हवालदार, त्यामुळे लग्नानंतरची वीस-बावीस वर्षं अंबाला, जबलपूर, जोरहाट अशा छावण्यांच्या क्वार्टरांत गेली. आतोबा पेन्शनीत आले, काही वर्षांनी वारले, आणि मूलबाळ नसलेल्या आत्या एक काळी पत्र्याची ट्रंक घेऊन माहेरी, म्हणजे आमच्या घरी, राहायला आल्या. ट्रंकेत चार साड्या आणि एक इस्त्री निघाली. बाकीचं सगळं सामान तोंडात होतं.

तिसऱ्याच दिवशी पहाटे पाच वाजता आमच्या खोलीच्या दारावर थाप पडली आणि बाहेरून आवाज आला, "स्टँड टू!" मी धडपडत उठले. मला वाटलं, गोठ्याला आग लागली. आत्यांनी शांतपणे समजावलं की शत्रू नेहमी पहाटे चाल करून येतो, म्हणून उजाडायच्या आधी सगळ्यांनी तयार राहायचं, त्याला म्हणतात स्टँड टू. "पण आत्या, आपल्यावर कोण चाल करून येणार?" मी विचारलं. "दूधवाला," आत्या म्हणाल्या. "काल साडेपाचला आला न परत गेला. तुमी सगळे झोपलेले." त्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर लंगर झालं, भांडी घासणं आणि अंगण झाडणं म्हणजे फटीग, आणि आमच्या घरात कुणी चालेनासं झालं, सगळे "ॲट द डबल" धावू लागले. नवऱ्याने बाजारातून दुधीऐवजी कोबी आणला की आत्या पिशवीत डोकावून फक्त "ॲज यू वेअर" म्हणत. कवायतीत चुकीचा हुकूम सुटला की तो मागे घेऊन सगळ्यांना आधीच्या जागी उभं करायचा हा शब्द. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच, की पंचेचाळीस वर्षांचा एक माणूस चपला घालून कोबी परत करायला निघायचा.

माझं माहेर सिद्धगडाच्या पायथ्याशी. एकदा दोन दिवस सांगून गेले आणि आईला बरं नव्हतं म्हणून चार दिवस राहिले. परत आले तर आत्या ओट्यावर उभ्या. "सूनबाई, ओव्हरस्टे." मी म्हटलं, "आत्या, फोन केला होता ना मी." "रजा वाढवायला अर्ज लागतो. फोनवर नाय वाढत." वर मला पाणी आणून दिलं, पाय चेपू का विचारलं, आईच्या औषधांची चौकशी केली, आणि शिक्षा म्हणून दोन दिवस लसूण सोलायला लावला. चिडावं की नाही हेसुद्धा ठरवता येत नसे, हीच तर खरी चीड आणणारी गोष्ट होती.

आणि कहर म्हणजे त्या माझ्या चुका काढत. मी फोनवर मैत्रिणीला गमतीने "ओव्हर अँड आउट" म्हटलं, तर स्वयंपाकघरातून झारा घेऊन बाहेर आल्या. "ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू बोल. आउट म्हणजे माझं झालं, आता कुणीच बोलू नको. दोन्ही एकदम कसं म्हणतेस गो? बोलू का नको, त्या बिचारीने करायचं काय?" मी एम. ए. आहे. मी शब्दकोश काढून पाहिला. आत्यांचं बरोबर होतं. एकदा फोनवर आवाज तुटत होता म्हणून मी "रिपीट, रिपीट" म्हणत होते, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "रिपीट म्हणू नको. तोफखान्यात रिपीट म्हटलं की तोफ परत डागतात. से अगेन म्हण." मी सांगितलं, पलीकडे माझी नणंद आहे, तिच्याकडे तोफ नाही. आत्या म्हणाल्या, "सवय लागते."

मग गावातल्या चार मुली आत्यांकडे शिकायला येऊ लागल्या. चौघी माझ्याच वर्गातल्या, माझ्याबरोबर एकाच जीपने शाळेत येणाऱ्या. त्यातल्या वनिताला सैन्यात भरती व्हायचं होतं. वडील नाहीत, आई भाताच्या खाचरांतून मजुरी करणारी. बाकीच्या तिघी तिच्या जोडीला. मी त्यांना दोन वर्षं शिकवत होते आणि माझ्यासमोर एकीच्या तोंडून इंग्रजी शब्द फुटत नसे. आत्यांच्या ओट्यावर मात्र त्या तासभर ओरडत. केरसुणी खांद्याला लावून आत्या शिकवायच्या, "हा लॉक, हा स्टॉक, न हा बॅरल. तिन्ही मिळून अख्खी बंदूक. म्हणून सगळंच्या सगळं नेलं की म्हणायचं लॉक, स्टॉक अँड बॅरल. सांग बघू वाक्य." आणि एक मुलगी उभी राहून सांगायची की माझ्या मामाने आमचं शेत लॉक, स्टॉक अँड बॅरल खाल्लं. मी आत वह्या तपासत बसलेली असे आणि लाल पेन नकळत कागदात रुतत असे.

त्या वर्षी माझी नोकरी कायम व्हायची होती. त्याच सुमारास शाळेची तपासणी आली. साहेब माझ्या वर्गात शिरले आणि "गुड मॉर्निंग" म्हणाले. पोरांनी नेहमीसारखं गायच्या आत वनिता ताडकन उभी राहून गरजली, "ऑल प्रेझेंट अँड करेक्ट, सर!" साहेब दचकले, मग हसले. त्यांनी कौतुकाने विचारलं, "व्हॉट डझ युअर मदर डू?" "फटीग ड्यूटी, सर!" साहेबांना कळलं नाही. ते म्हणाले, "कॅन यू रिपीट?" आणि माझ्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं स्पष्ट दिसत असताना, मी काही करायच्या आत, ती पोरगी शांतपणे मराठीत म्हणाली, "सर, रिपीट म्हणू नका. तोफ परत सुटते." अख्खा वर्ग हसत सुटला. साहेबांचा चेहरा लाल झाला. आपली टिंगल झाली असंच त्यांना वाटलं. मुख्याध्यापकांनी संध्याकाळी मला बोलावून लेखी खुलासा मागितला. "मॅडम, हे तुम्ही शिकवता?" या प्रश्नाला खरं उत्तर दिलं असतं तर ते जास्तच वाईट दिसलं असतं.

जीपमध्ये किन्हवलीपर्यंत मी खुलाशाचं पहिलं वाक्य मनात जुळवत होते. चौघी मुली मागच्या बाकावर माना खाली घालून. घरी आले तर आत्या उंबऱ्यात उत्सुकतेने उभ्या. "काय गो, साहेबाने काय विचारलं पोरींना?" माझा तोल गेला. मी म्हटलं, "आत्या, तुम्हाला येतं ते इंग्रजी नाही. त्या नुसत्या ऑर्डरी आहेत. एक सरळ वाक्य तरी येतं का तुम्हाला? माझी नोकरी जायची वेळ आली तुमच्यापायी."

आत्यांनी पदराला हात पुसले. "नाय येत," म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढचे दहा-बारा दिवस आमच्या घरात इंग्रजीचा एक शब्द उमटला नाही. पहाटे दार वाजेना. दूधवाला दोनदा परत गेला. नवऱ्याने कोबी आणला, तर तो मुकाट्याने चिरला गेला. मुली ओट्यापर्यंत येऊन परत जाऊ लागल्या, म्हणून मीच त्यांना शिकवायला बसले. त्या वही उघडून बसत, मी सांगेन ते उतरवून घेत, आणि तोंड मिटून ठेवत. हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं, आणि ते सहन होत नव्हतं.

शेवटी एका दुपारी आत्या तांदूळ निवडत होत्या, तिथे मी जाऊन बसले. म्हटलं, "आत्या, चुकलं माझं." त्यांनी खडा काढून बाजूला टाकला. मग खाली बघतच म्हणाल्या, "अंबाल्याला गेले तेव्हा मला हिंदी पण येत नव्हती. एकोणीस वर्षांची होते. साहेबांच्या मॅडमने सगळ्या बायकांची मीटिंग घेतलेली. मला विचारलं, एनी प्रॉब्लेम? मी म्हटलं, येस, थँक्यू. सगळ्या हसल्या. घरी येऊन यांना सांगितलं, मला गावाला पाठवा, मी नाय राहणार इथं. ते म्हणाले, रोज एक शब्द शीक, शंभर झाले की पाठवतो. मग त्यांच्याकडे होते ते शब्द त्यांनी दिले. दुसरे कुठून आणणार होते?"

"आणि शंभर झाले तेव्हा?"

"तेव्हा कशाला जाते मी?" आत्या पहिल्यांदा हसल्या. "तवर मी दुसऱ्या बायकांना शिकवत होते."

दुसऱ्या दिवशी मीच मुलींना ओट्यावर पाठवलं. अट एवढीच घातली की साहेब लोकांसमोर तोफखाना बंद ठेवायचा. खुलासा मी लिहून दिला, मुख्याध्यापकांनी चार दिवस फुगून तो फाइलला लावला, आणि जूनमध्ये माझी नोकरी कायम झाली. वनिता पहिल्या वेळी भरतीत धावण्यात मागे पडली, घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. दुसऱ्या वेळी तिची निवड झाली.

ती ट्रेनिंगला निघाली त्या सकाळी अर्धी आळी एसटीच्या थांब्यावर जमली होती. वनिताची आई पदर तोंडाला लावून उभी. आत्या इस्त्रीची साडी नेसून आलेल्या. मला वाटलं, आता या चौकात परेड घेणार, आणि मी आधीच शरमेची तयारी ठेवली. पण त्यांनी नुसती वनिताची कॉलर नीट केली आणि म्हणाल्या, "जपून जा गो बाय. पोचलीस की आईला फोन कर." शहापूरची गाडी आली. पायरीवरून वळून वनिताने आत्यांच्या गळ्यात हात टाकले आणि रडत म्हणाली, "आत्या, आय विल मिस यू."

"मिस कशाला होशील?" आत्या ठणकावून म्हणाल्या. "नेम धरायला शिकवतात तिथं."

सगळे हसले. वनितासुद्धा डोळे पुसत हसली. गाडी वळणाआड गेली, माणसं पांगली, आणि आम्ही दोघी घराकडे चालू लागलो. मीही हसतच म्हटलं, "आत्या, बरी गंमत केलीत."

"कसली गंमत?" त्या म्हणाल्या. "ती काय म्हणाली गो?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खरंच विचारत होत्या. म्हटलं, "आत्या, आय मिस यू म्हणजे तुमची आठवण येते. तुमच्यावाचून करमत नाही, असं."

आत्या चालायच्या थांबल्या. रस्त्याच्या कडेला तशाच उभ्या राहिल्या.

"आमच्यात मिस म्हणजे नेम चुकला," त्या हळू म्हणाल्या. "मी जोरहाटला क्वार्टरात, न हे वर बॉर्डरला होते, तेव्हा महिन्यातून एकदा फोन यायचा. यांच्या मागे फोनला रांग. रांगेत दोन-तीन आपल्याकडचे, म्हणून मराठीत काय बोलायचे नाय. शेवटी ठेवताना म्हणायचे, आय मिस यू. मी म्हणायची, असू दे, उद्या लागेल."

मी विचारलं, "आणि ते काय म्हणायचे?"

"हसायचे नुसते. कधी सांगितलं नाय." त्यांनी पदर सारखा केला. "तीन वर्षं गो. दर फोनला. मला वाटायचं, माणसाचा एवढा नेम चुकतोय, आता नोकरीवरून काढतील. देवीला नवस बोलले होते मी, यांचा नेम लागू दे म्हणून."

"मग फेडलात का?"

"फेडला ना," आत्या म्हणाल्या. "बदली होऊन घरी आले, त्याच आठवड्यात फेडला."