पदकाच्या कडेवरचं नाव

१९६० सालच्या नोव्हेंबरात, सकाळी साडेसात वाजता, बंगळूरच्या आमच्या लष्करी सेंटरच्या परेड ग्राउंडवर पहिल्या महायुद्धातल्या मृतांची यादी वाचली गेली. तीत माझे आजोबा गोविंदराव यांचं नाव पहिल्यांदाच होतं. ते मेसोपोटेमियात पडले, त्याला चाळीसहून अधिक वर्षं झाली होती.

मी तेव्हा सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसात हवालदार क्लार्क होतो. सकाळी हजेरी, मग एक वाजेपर्यंत जुनी रजिस्टरं. आजोबांची मुलगी, म्हणजे माझी आत्या, जयनगरला राहायची. तिला सगळे अक्का म्हणत. वडील लढाईवर गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्यांचं नाव परेडला एकदा आपल्या कानांनी ऐकायचं, एवढंच तिचं मागणं. दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं: या नावाचा सुभेदार नोंदीत नाही. आमच्या घरात आजोबा सुभेदार होते. त्याबद्दल कुणी कधी शंका घेतली नव्हती.

त्यांची दोन पदकं अक्काच्या देव्हाऱ्यात असत. दर दसऱ्याच्या आयुधपूजेला ती चिंचेने घासायची, हळदकुंकू लावायची आणि शिलाई मशीनशेजारी पाटावर मांडायची. घासून घासून एका पदकावरच्या इंग्रज राजाचं नाक गेलं होतं. कडा मात्र कधीच घासली गेली नव्हती. त्या वर्षी पूजेच्या सकाळी मी राजाचं पदक उजेडात धरलं. कडेच्या कोरीव अक्षरांत कुंकू भरून वाळलं होतं. अक्षरं लाल आणि स्पष्ट होती.

"काय लिहिलंय?" अक्काने विचारलं.

"नंबर आहे. नाव आहे. पलटण आहे."

"आणि हुद्दा?"

"कुक."

पदक ब्राँझचं होतं. लढणाऱ्या जवानांना तेच चांदीचं मिळे. लांगरी म्हणजे पलटणीचे स्वयंपाकी, भिस्ती म्हणजे पाणके, यांना ब्राँझचं. हे मला नोकरीमुळे ठाऊक होतं. घरच्या पदकाकडे त्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं.

अक्काने ते माझ्या हातातून घेतलं. "स्वयंपाकी? आपल्या घरात? तुझ्या बापाला साधा चहा येत नव्हता."

दसऱ्याच्या सुट्टीनंतर सकाळी आठ वाजता मी ऑफिसातलं दुसरं कपाट उघडलं. लांगरी, भिस्त्यांची रजिस्टरं त्यात होती. आजवर ते कुणी शोधलं नव्हतं. नंबर वीस मिनिटांत सापडला. नोंद एका ओळीची: पुढच्या खंदकात जेवण पोचवताना गोळी लागून मृत्यू.

परेडला वाचायची यादी सेंटरच्या सुभेदार साहेबांकडे होती; मी ती नोंद त्यांच्यापुढे ठेवली.

"लांगरीचं नाव आजवर यादीत नाही," ते म्हणाले.

"तसा हुकूम आहे, साहेब?"

"हुकूम नाही. कुणी मागितलं नाही." त्यांनी यादी पुढे ओढली. "घरच्यांना अवघड वाटत असेल तर हुद्दा गाळू. नुसतं नाव वाचू. बारापर्यंत सांग, यादी टाइपला जाते."

मी सायकलने जयनगरला गेलो. अक्का शेंगा सोलत बसली होती. साहेबांचा निरोप सांगितला.

"हुद्दा गाळला तर लोक काय समजतील?"

"सुभेदार समजतील कदाचित."

"तसं तर आपण आजवर समजतच आलो." तिने आणखी दोन शेंगा सोलल्या. "भुकेल्या माणसांना वाढायला गेले, त्यात लपवायचं काय? कुकच वाचा. आणि मोठ्याने वाचायला सांग."

"सरी, अक्का," मी इथल्या कानडीत 'बरं' म्हटलं.

अकरा पन्नासला मी ऑफिसात परत होतो.

परेडच्या दिवशी अक्का पहिल्या रांगेत होती. पदकं वारसदाराच्या रिवाजाप्रमाणे उजव्या बाजूला लावलेली. शेवटचं नाव मोठ्याने वाचलं गेलं: "कुक गोविंदराव." तिने मान डोलावली, घरी कुणी बरोबर हिशेब सांगितल्यावर डोलावायची तशी.

नंतर लंगरमध्ये हेडकुक स्वतः पहिली थाळी घेऊन तिच्याकडे आला आणि सॅल्यूट करून बाजूला उभा राहिला. अक्काने उपम्याचा घास घेतला.

"मीठ स्वल्प कमी आहे, अण्णा."

"सरी, अक्का," तो म्हणाला आणि मीठ आणायला धावला. सुभेदार साहेबांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या वर्षीच्या यादीत आजोबांच्या नावाखाली तीन नवी नावं होती. एक भिस्ती, एक न्हावी, एक धोबी. तिघांची पदकं घरच्यांनी ऑफिसात आणून दाखवली होती. चारही नावं हुद्द्यासह वाचली गेली.