घोंगडीतल्या चांदण्या

सुकेशनी कोळेकर ही पदार्थविज्ञानाची शिक्षिका कशामुळं झाली, असं कुणी विचारलं तर ती सरळ उत्तर देते, घोंगडीमुळं. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई थट्टा करतात. पण गोष्ट खरी आहे.

तिचे वडील सूर्यभान मेंढपाळ. घर गंगापूरच्या बाजूला, पण घरात राहणं पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतच. बाकी वर्ष मेंढरांमागं, दौलताबादच्या पुढच्या डोंगरांतून कधी या उतारावर तर कधी त्या. थंडीच्या दिवसांत पहाटे, अजून अंधार असताना सूर्यभान अंगावरची घोंगडी झटकन ओढून काढत आणि लोकरीत तडतड आवाज होऊन बारीक निळ्या ठिणग्या उडत. पाच-सहा वर्षांची सुकेशनी डोळे विस्फारून बघायची.

"आबा, हे काय चमकतंय?"

"चांदण्या हायेत त्या. रातभर उघड्यावर निजल्यावर अडकत्यात लोकरीत."

आता मेंढरांमागं हिंडणाऱ्या बापाकडं यापेक्षा चांगलं उत्तर कुठून असणार? पण पोरगी भलतीच चिकट. चांदण्या आहेत तर हातात का येत नाहीत, उन्हाळ्यात का अडकत नाहीत, पावसाळ्यात कुठं जातात, असं विचारून तिनं बापाला भंडावून सोडलं. शेवटी सूर्यभान कंटाळून म्हणाले, "शाळेत जा आन् मास्तरला इचार." ती गेली ती गेलीच. आश्रमशाळा, मग शहरात कॉलेज, मग विद्यापीठात एम.एस्सी. आणि आता छत्रपती संभाजीनगरातल्याच एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिक्षिका.

तासिका तत्त्व म्हणजे काय, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळतं. तास घेतला तर पगार, सुट्टी आली की हात हलवत घरी. चार वर्षं ती असंच अकरावीला शिकवत होती. दिवाळीच्या सुट्टीआधी प्राचार्य सर्जेराव सरांनी तिला बोलावून सांगितलं, की बारावीची पूर्णवेळ जागा भरायची आहे. उमेदवार तिघं. प्रत्येकानं बारावीच्या वर्गावर एक तास घ्यायचा, सर मागं बसून ऐकणार आणि त्यावर ठरणार. "धडा तुम्ही निवडा," सर म्हणाले.

शहाण्या माणसानं सोपा धडा निवडला असता. सुकेशनीनं निवडला स्थिरविद्युत. चार्ज, फिल्ड आणि पोटेन्शियल. कारण त्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी हा धडा ऑप्शनला टाकला होता आणि ती तसं उघड सांगतही होती. संस्कृती नावाची एक हुशार मुलगी तर तिला जिन्यात म्हणाली होती, "मॅडम, फॉर्म्युला पाठ आहे. पण पोटेन्शियल म्हणजे नेमकं काय असतं, ते कुणालाच माहीत नसतं. सरांनासुद्धा."

हे सुकेशनीला फार लागलं, कारण बारावीत तिचीही हीच गत होती. तीही घोकंपट्टीवर पास झाली होती. पोटेन्शियल तिला कळलं ते पुढं, एम.एस्सी.च्या सुट्टीत, बापाबरोबर मेंढरांमागं डोंगर चढताना. तो क्षण आठवला की तिला अजूनही हसू येतं. एवढी पुस्तकं पालथी घातली आणि गोष्ट रोज पायाखाली होती.

दिवाळीत घरी गेल्यावर तिनं तयारी केली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची कांडी आणि रेशमाचा तुकडा होता, पण त्या रेशमाला बुरशी लागलेली. ते काही कामाचं नव्हतं. तिनं घरातली चांगली घोंगडी घेतली, नळाच्या पीव्हीसी पाइपावर खसाखसा घासली आणि पाइप थर्माकोलच्या दाण्यांवर धरला. दाणे टणाटण उडून पाइपाला चिकटले. मग तिनं कॅरीबॅगची एक पातळ रिंग कापली, तीही घोंगडीनं घासली आणि पाइपाच्या वर सोडून दिली. रिंग खाली पडेचना. हवेतच थुईथुई नाचत राहिली. तिची आई सारजाबाई भाकरी टाकायची थांबली आणि तोंडाला पदर लावून बघत राहिली.

"अगं बया, हे कालिजात दाखवनार तू?"

"व्हय माय. याच्यावरच नोकरी हाय."

घोंगडी अवजड, जीपमध्ये जागा नाही, म्हणून सुकेशनी ती घरीच ठेवून गेली. तासाच्या दिवशी आबांनी घेऊन यायची, असं ठरलं. चूक झाली ती इथं. खरं तर ती चूक म्हणायची की माया, हे तुम्हीच ठरवा.

लेकीची घोंगडी साहेबलोकांसमोर जाणार आणि ती अशी मळकी? सारजाबाईंच्या जिवाला ते पटेना. त्यांनी घोंगडी धुतली. चिंचोके भाजून, भरडून, शिजवून खळ केली आणि हातानं चोळून चोळून घोंगडीला दिली. मेंढपाळांच्या घरी चांगल्या घोंगडीचा मान असाच राखतात. खळ दिली की घोंगडी कशी पापडासारखी ताठ होते, धागा न् धागा बसतो, पाणी आत येत नाही. घडी घालून, नव्या पिशवीत बांधून त्यांनी ती नवऱ्याच्या हातात दिली आणि वर बजावलं, "ती तुमची फाटकी घोंगडी तेवढी खांद्यावर घेऊ नका. ठिगळं दिसत्यात. पोरीची लाज जाईल."

सूर्यभाननी मान हलवली. मान हलवण्यात त्या माणसाचा हात धरणारा कुणी नाही. फाटकी घोंगडी खांद्यावर टाकूनच ते जीपमध्ये बसले. तीस वर्षं ज्या खांद्यावर घोंगडी आहे, तो खांदा बोडका घेऊन गाव कसं सोडणार माणूस?

तास सुरू झाला. शेवटच्या बाकावर सर्जेराव सर आणि त्यांच्या शेजारी पांढरा पटका बांधलेले सूर्यभान. सरांनीच त्यांना आग्रहानं आत बसवलं होतं. सूर्यभान बाकाच्या अगदी कडेला, अंग चोरून बसले होते आणि घोंगडीची ठिगळं आत दुमडत होते.

सुकेशनीनं पिशवी सोडली, घोंगडी काढली, पाइप घासला आणि दाण्यांवर धरला.

दाणे ढिम्म.

तिनं पुन्हा घासला, जोरात. ढिम्मच. रिंग वर सोडली तर ती पायावर येऊन पडली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. सर्जेराव सरांनी चष्मा पुसायला काढला, आणि चष्मा स्वच्छ असताना पुसणारा माणूस काय विचार करत असतो ते सांगायला नको.  चार वर्षांची तासिका, आता जन्मभर तासिका, एवढंच सुकेशनीच्या डोक्यात घुमायला लागलं.

मग तिनं घोंगडी नाकाशी नेली. चिंचोक्याचा वास. बोटांना ताठ लागत होती आणि आत अजून किंचित दमट होती. माय! तिला सगळं एका क्षणात कळलं. राग यायला हवा होता, पण आईचे चिंचोके भरडणारे हात डोळ्यांसमोर आले आणि तिला हसूच फुटलं. भर वर्गात, नोकरी पणाला लागलेली असताना ती मोठ्यानं हसली.

"मुलांनो," ती म्हणाली, "माझ्या आईनं या घोंगडीला खळ दिलीय. खळ ओल धरते. आपण घासून चार्ज गोळा करतो आणि तो त्या ओलीतून पळून जातो. पावसाळ्यात हे प्रयोग होत नाहीत ते याचमुळं. तेव्हा धड्यातला पहिला मुद्दा आईनंच शिकवला. चार्ज साठवायचा तर जागा कोरडी पाहिजे." मग ती सरळ शेवटच्या बाकाकडं गेली. "आबा, तुमची घोंगडी द्या."

सूर्यभान दचकले. "ही? ही कामून? मळकी हाय गं. ठिगळं हायेत."

"द्या तुम्ही."

"तुझी माय मारील मला."

वर्ग खदखदून हसला. सूर्यभाननी खांद्यावरून घोंगडी उतरवली आणि दोन्ही हातांनी लेकीला दिली. कित्येक वर्षांत खळ न लागलेली, वापरून वापरून मऊ झालेली, जीपच्या खिडकीत सकाळभर ऊन खाल्लेली घोंगडी. सुकेशनीनं पुढं येऊन पाइप घासला. तडतड आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आला. पाइप जवळ नेताच दाणे उसळून त्याला बिलगले. रिंग घासून वर सोडली, ती तरंगली. सुकेशनी पाइप घेऊन बाकांमधून चालत निघाली आणि रिंग तिच्या पुढं पुढं हवेत नाचत निघाली. पोरं बाकावर चढली. सर्जेराव सरांनी चष्मा लावला.

"पाइप रिंगला शिवतोय का?"

"नाही!"

"तरी ढकलतोय. म्हणजे पाइपाच्या भोवतीच्या जागेतच काहीतरी बदल झालाय. त्या बदलाचं नाव फिल्ड." मग तिनं फळ्यावर एक डोंगर काढला. डोंगर कसला, पालथी घातलेली परातच ती, चित्रकला तिची बेताचीच. "हा दौलताबादच्या पुढचा डोंगर. माथ्यावर आपला पाइप. रिंग म्हणजे मेंढरू. दोघांवर एकाच जातीचा चार्ज आहे, म्हणून मेंढराला खाली ढकललं जातं. जिथं चढ उभा, तिथं ढकलणं जोरात. हा चढ म्हणजे फिल्ड. आता मेंढरू खालून वर न्यायचं तर जोर कुणाला लावावा लागेल?"

"तुम्हाला!"

"आबांना," ती म्हणाली. "जड मेंढराला जास्त, कोकराला कमी. पण ते ज्या जागी न्यायचं, त्या जागेची उंची तीच राहते ना? जोर मेंढराप्रमाणं बदलतो, उंची जागेची असते. ही उंची म्हणजे पोटेन्शियल."

  संस्कृती भुवया आक्रसून फळ्याकडं बघत होती. मग तिनं हात वर केला.

"मॅडम, डोंगरावर मेंढरूच नसलं तर?"

हा प्रश्न कानावर पडला आणि सुकेशनीला वाटलं, आता नोकरी नाही मिळाली तरी चालेल. खरंच वाटलं तिला तसं. याच प्रश्नाशी ती स्वतः किती वर्षं अडखळली होती.

"तू सांग," ती म्हणाली.

"तर... तरी उंची आहेच. मेंढरू येवो न येवो." संस्कृती उभीच राहिली. "म्हणजे पोटेन्शियल चार्जचं नाही, जागेचं आहे! एनर्जी मेंढराची, पोटेन्शियल जागेचं! मॅडम, एवढंच होतं हे?"

"एवढंच होतं. विरुद्ध जातीचा चार्ज आला की हा डोंगर उलटा होतो, ते आपण उद्या बघू."

उद्या म्हणाली आणि जीभ चावली. उद्या हा वर्ग आपला असेल की नाही, हे अजून ठरायचं होतं. शेवटच्या बाकावरून सर्जेराव सर उठले. "उद्या नक्की बघा," ते म्हणाले. "बाकी दोघांचे तास मी ऐकलेत, वर्ग आता तुमचाच. आणि मीही येणार आहे. पोटेन्शियल मलाही आजच कळलं असं म्हणणार होतो, पण पोरांसमोर म्हणता येत नाही." ते म्हणून झालंच होतं. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सुकेशनीचे डोळे भरून आले आणि ते पुसायला तिच्या हातात बापाची घोंगडी होती, त्या घोंगडीनंच पुसले.

दुपारी सारजाबाईंचा फोन आला. "नोकरी लागली? बरं झालं माय माझी! घोंगडी छान दिसली का?"

सूर्यभान हातवारे करून सांगत होते, खरं सांगू नको. पण विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं खोटं कसं बोलायचं? तिनं सगळं सांगितलं. 

"त्यांना म्हणलं होतं म्या, फाटकी नेऊ नका," सारजाबाई म्हणाल्या. मग लगेच, "बरं झालं, नाय ऐकलं." आणि हसू लागल्या त्या थांबेचनात.

सुकेशनी वडिलांना जीपपर्यंत सोडायला गेली.  रस्त्यात सूर्यभान घोंगडीचा काठ बोटांत धरून मनात काहीतरी जुळवत होते.

"सुके, त्या पहाटंच्या चांदण्या... त्या बी हाच चार्ज?"

"हाच, आबा."

"म्हंजी म्या तुला खोटं सांगितलं."

"जास्त खोटं नव्हतं ते. आभाळात वीज कडाडते ना, तीही हाच चार्ज. फक्त लई मोठा."

सूर्यभान रस्त्यातच थांबले. "आभाळातली वीज? हीच?"

"व्हय. हीच."

 जीप भरत आली होती. त्यांना कडेची जागा मिळाली. शेजारी बसलेल्या जाड माणसानं सवयीनं त्यांच्या खांद्यावर रेलायला सुरुवात केली, तसे सूर्यभान ताठ झाले. त्यांनी ठिगळाची बाजू मुद्दाम वर केली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या लेकीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"पाव्हणं, जरा सरकून बसा. हिच्यात वीज हाय. इचारा माझ्या पोरीला, ती शिकवती कालिजात."