देवळीखालचे पाणी

पिंपळवंडीत आजही सांगतात, की त्या वैशाखात आमच्या विहिरीतला देव पावला आणि आटलेले पाणी वर आले. हे साफ खोटे आहे. मी काठावर उभा होतो. सांगणाऱ्यांपैकी एकही तिथे नव्हता.

विहीर माझी आणि माझ्या धाकट्या चुलतभावाची, सामाईक. आतल्या दगडी बांधकामात, बरीच खाली, एक देवळी आहे. तीत शेंदूर लावलेला दगड. पाणी उतरून देवळीला टेकले की शेताची मोटर बंद. त्याखालचे पाणी माणसांचे आणि गुरांचे. वाडवडिलांनी हा नियम भक्तीने घातला असे म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांना उन्हाळा मोजायला खूण हवी होती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भावाने विहिरीपासून हाकेच्या अंतरावर बोअर घेतले. नियम त्याने मोडला नाही, हे मी मुद्दाम लिहितो. बोअरला देवळी नसते, एवढेच. त्याचा टोमॅटो तरारला आणि विहीर, आमची मोटर बंद असूनही, देवळीखाली उतरत गेली. दोन्ही घरांतल्या बायकांच्या कळशीत गाळ येऊ लागला. मी बोललो, तर तो म्हणाला, "दादा, माझं पाणी लई खालचं हाये. आपल्या हिरीशी त्याचा काय संबंध?"

"जमिनीखाली बांध घातलायस का रे?" मी विचारले. बोलणे तिथेच तुटले.

झाडे फळांनी लगडलेली असताना त्याची बोअरमधली मोटर जळाली. ती दुरुस्तीला आळेफाट्याला गेली आणि आभाळात ढगाचे नाव नसताना विहिरीचे पाणी रोज थोडे चढू लागले. देवळीची कड ओली झाली, तेव्हा बातमी ऐकून गावाने देवळात नारळ फोडले. मी भावाला हाक मारली. दुरुस्त मोटर एव्हाना त्याच्या ओट्यावर येऊन पडली होती. तो बराच वेळ विहिरीत वाकून पाहत राहिला.

"मोटर बोअरमधी सोडली तर हे परत जाईल."

"जाईल."

"आन् न्हाई सोडली तर टोमॅटोचा प्लॉट गेला."

उत्तर मला ठाऊक होते. ते देण्याचा अधिकार माझा नव्हता.

मोटर त्या उन्हाळ्यात बोअरमध्ये उतरली नाही. लाली धरू लागलेली फळे झाडावरच सुकली. पुढे बोअरलाही देवळीचाच नियम लागला. देवाला भिऊन तो थांबला, असे गाव म्हणते. तो भिणारा नव्हता. माझ्याइतकाच हट्टी होता. त्याने पाणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि हाताशी आलेले पीक उन्हात जाऊ दिले. त्याचे श्रेय शेंदराला देणे मला मान्य नाही.