साबळे सरांची पाचवी मॅच

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. भावाला नाही, देवळात हात जोडून देवालाही नाही — त्याला आपोआप कळलं असेल तर असो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या भोकरदनच्या स्टँडवर आपण एकाच बाकड्यावर बसलो तरी हाच तो माणूस, हे तुम्हाला कळणार नाही. भित्र्या माणसाला एवढी सोय लागते.

मी खेळाचा मास्तर. भोकरदन तालुक्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत. विनाअनुदानित म्हणजे काय, ते भोगणाऱ्यालाच कळतं — पगार आज सुरू होईल, उद्या सुरू होईल, या आशेवर वर्षानुवर्षं फुकट शिकवायचं. माझ्या लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्यांनी पगार विचारला तेव्हा वडील म्हणाले होते, "अनुदान येऊन राह्यलं ना." लग्न झालं, दोन लेकरं झाली. अनुदान येऊनच राह्यलं होतं.

साबळे सर माझ्यासोबत लागले. एकाच दिवशी, एकाच मुलाखतीतून. ते मराठी शिकवतात. माणूस — काय सांगू? — चांगला आहे. हेच तर माझं दुखणं. वाईट असते तर मी त्यांना चारचौघांत शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. पण मुलं त्यांच्या मागे, हेडमास्तर त्यांच्या शब्दात, आणि शिपाई चहाचा पहिला कप ठेवणार तो त्यांच्यासमोर. अनुदानाचा पहिला टप्पा आला तेव्हा पटसंख्या मोजली गेली. मराठीच्या पदाला मान्यता मिळाली, खेळाच्या पदाला मुलं कमी पडली. साबळे सरांनी पेढे आणले. मला पेढा देताना त्यांचेच डोळे भरून आले. "तुमचंबी होईन सर, घाबरू नका," म्हणाले. तो पेढा मी कसा गिळला, माझं मला माहीत.

तेव्हापासून मी जळत होतो. दुसरा शब्द नाही त्याला. त्यांनी घराला रंग दिला तरी माझ्या पोटात दुखायचं. आणि सगळ्यात जास्त कशानं दुखायचं सांगू? त्यांच्या घरी गेलं की सुनीता वहिनी चुलीपुढे भाकरी थापायच्या आणि सर पाटावर बसून त्यांना शरीरातल्या हाडांची इंग्रजी नावं विचारायचे. वहिनी बारावी सायन्स झालेल्या. लग्नामुळे पुढचं राहून गेलं होतं. त्यांना नर्स व्हायचं होतं, आणि सरांनी ते स्वतःच्या मनावर घेतलं होतं. एखादं नाव चुकलं की दोघंही हसायचे. आमच्या घरात असं हसणं नव्हतं. मी चहा पिऊन घरी यायचो आणि काही कारण नसताना बायकोवर खेकसायचो.

बघा, अजून मूळ गोष्टीवर आलोच नाही. येतो.

मी फुटबॉल खेळलेला माणूस. विभागापर्यंत खेळलोय, गुडघा गेला नसता तर आणखी पुढे गेलो असतो — हे मी प्रत्येकाला सांगतो, तुम्हालाही सांगून टाकलं. मोबाइलवर मॅचवर पैसे लावायचं खूळ शाळेत मीच आणलं. तेव्हा असली ॲप सर्रास चालायची. कुठला संघ घरच्या मैदानावर खेळतो, कुणाचा कोण जखमी आहे, सगळा अभ्यास करून मी पैसे लावायचो. आणि हरायचो. दोन वर्षांत सांगण्यासारखं एकदाही जिंकलो नाही.

साबळे सरांना फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं. गोलकीपरला ते 'गोलवाला' म्हणायचे. एका शनिवारी स्टाफरूममध्ये माझं बघून त्यांनीही शंभर रुपये लावले. पाच मॅचची एकच पैज — पाचही निकाल बरोबर आले तरच पैसे, एक चुकला तर सगळं पाण्यात. मी त्यांना समजावलं, असं कुणी जिंकत नसतं सर. ते हसले. प्रत्येक मॅचमध्ये ज्यांचे कपडे आवडले तो संघ त्यांनी निवडला. खरं सांगतोय, कपडे! आणि रविवारी सकाळपर्यंत चार मॅच बरोबर आल्या होत्या. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. पण माझी एक तरी गाय राखायची होती की नाही त्यानं?

त्या रविवारी आम्हा दोघांना मतदारयादीचं काम होतं. शाळेच्या एका वर्गात फॉर्म घेऊन बसलो होतो. ऐन दुपार, माणूस फिरकत नव्हता. पाचवी मॅच जपानमधली, म्हणून भरदिवसा चाललेली. मी माझ्या मोबाइलवर ती बघत होतो. सरांचं इंटरनेट कमजोर, त्यांच्याकडे ॲपमधले नुसते आकडे दिसत होते. त्यांचा संघ एका गोलनं पुढे होता आणि वीसेक मिनिटं उरली होती.

अशा वेळी ॲपवर एक बटण येतं — कॅशआउट. मॅच संपायची वाट न बघता, पूर्ण रकमेपेक्षा कमी घेऊन मोकळं व्हायचं. सरांनी ती रक्कम मला दाखवली. वहिनींचं नाव जालन्याच्या एका नर्सिंग कॉलेजच्या यादीत लागलं होतं, बुधवारपर्यंत फी भरायची होती, आणि समोर दिसत होती ती रक्कम जवळजवळ पहिल्या वर्षाच्या फीएवढी होती. थांबून जिंकले असते तर तिन्ही वर्षं निघाली असती.

"सर, काढून घेऊ का? का थांबू? तुम्ही म्हणान तसं," ते म्हणाले.

मी म्हणालो, जरा बघू. आणि तेवढ्यात माझ्या मोबाइलवर ते दिसलं. सरांच्या संघाचा मधला बचाववाला — सगळी मागची फळी ज्याच्या भरवशावर उभी होती तो — समोरच्याला आडवा पाडून बसला आणि पंचानं लाल कार्ड काढलं. तो मैदानाबाहेर गेला. म्हणजे आता अकरांच्या विरुद्ध दहा, आणि तेही त्याच्याशिवाय. आयुष्यभर हाच खेळ खेळलोय मी. पुढे काय व्हायचा संभव आहे, ते मला तिथल्या तिथे कळलं.

मी मोबाइल पालथा ठेवला.

थोड्या वेळानं सरांच्या स्क्रीनवरही संघाच्या नावापुढे एक बारीक लाल चौकोन उमटला. ते डोळे बारीक करून बघत राहिले. "हे लाल काय आलं सर? आपल्या टीमचे कपडे लाल हायेत म्हणून का?"

इथंच आहे ते. याच्याभोवती मी एवढा वेळ घुटमळत होतो. सांगायला किती वेळ लागला असता? लाल कार्ड आहे, माणूस बाहेर गेला, बटण दाबा — तीन वाक्यांचं काम. मी म्हणालो, "हो."

मग रक्कम खाली यायला लागली. कार्ड पडल्यावर येणारच ती. सर घाबरले. "कमी होऊन राह्यलं की सर! काढून घेतो मंग." त्यांचा अंगठा बटणाच्या वर होता. मी त्यांचं मनगट धरलं — हो, हातानं धरलं — आणि सांगितलं की मोंढ्यात व्यापारी काय करतो? शेतकऱ्याला माल काढायला लावायचा असला की मुद्दाम भाव पाडतो. कंपनीही तेच करते आहे, तुम्हाला घाबरवते आहे, थांबा. सरांचे वडील जन्मभर मका आणि कापूस विकत आलेले. भाव पडताना माल काढायचा नाही, हे सरांना लहानपणापासून पाठ. ते मला कसं माहीत? त्यांनीच सांगितलं होतं, कधीतरी, विश्वासानं. मी नेमकं तेच वापरलं.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बराबर बोलले सर तुम्ही," म्हणाले आणि मोबाइल माझ्यासमोर टेबलावर ठेवला. स्वतः बघवत नव्हतं म्हणून.

पहिला गोल बसला तेव्हा पाचेक मिनिटं उरली होती. दुसरा अगदी शेवटी बसला. दोन्ही सरांच्या संघावर.

दहा जणांनी कधी मॅच वाचवलीच नाही असं नाही. मी पुष्कळ बघितल्यात तशा. पण त्या आधारावर मी "थांबा" म्हणालो नव्हतो. त्यांनी हरावं म्हणून म्हणालो होतो. आणि ते हरले तेव्हा मला आनंद झाला. लाज, भीती, ते सगळं संध्याकाळी आलं. आधी आनंद आला, अंगात थंडगार, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसा. सरांनी टेबलावरचा मोबाइल उचलून खिशात टाकला. मग म्हणाले, "जाऊ द्या. शंभरच रुपये गेले आपले." आणि मला चहा पाजायला घेऊन गेले. पैसे त्यांनीच दिले. मी खिशात हातसुद्धा घातला नाही.

त्या बुधवारी फी भरली गेली नाही. साबळे सरांनी दोन-तीन ठिकाणी हात पसरून बघितले, माझ्याकडे मात्र मागितले नाहीत. काळे सरांचाच पगार चालू नाही, त्यांना कशाला अडचणीत टाकायचं, असं वहिनी म्हणाल्या होत्या म्हणे. पुढच्या वर्षी वहिनींच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्याच्या पुढच्या वर्षी मुलगी झाली. हाडांच्या नावांचं पुस्तक सरांनी विद्यार्थ्यांपैकी एकीला देऊन टाकलं. सर अजूनही स्टाफरूममध्ये तो रविवार रंगवून सांगतात, आणि शेवटी हमखास म्हणतात — नशिबातच न्हवतं, न्हाईतर काळे सरांनी किती जीव तोडून सांगितल्तं. सगळे माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो.

हे त्यांना सांगावं असं कितीदा मनात आलं? मोजलं नाही. एकदा तर त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो. मुलीला झोळीत झोका देत होते. हातानंच "हळू" अशी खूण केली, आणि मी तसाच परतलो.

माझ्या पदालाही पुढे मान्यता मिळाली. माझा पगार चालू आहे.

सुनीता वहिनी आता आमच्याच शाळेत पोषण आहार शिजवतात. मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकानं चव घ्यायची आणि रजिस्टरवर सही करायची, असा नियम आहे. हेडमास्तरांनी ते काम मला लावून दिलंय. रोज दुपारी वहिनी ताट घेऊन येतात, हात पदराला पुसतात आणि विचारतात, "मीठ बराबर हाय ना सर?" मी घास खातो, बरोबर आहे म्हणतो आणि सही करतो.