मनगटाचा पट्टा

योगीराजचा उजवा हात आधी चालायचा, डोकं मागाहून यायचं. निपाणीहून बेंगळूरला येऊन त्यानं शिवाजीनगरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, राजाजीनगरात बिऱ्हाड केलं, पण हात काही सुधारला नाही. गाडी आडवी लावली म्हणून शेजाऱ्याचा दात पाडला. हॉर्न वाजवला म्हणून एका रिक्षावाल्याचं नाक फोडलं. लोक त्याला तापट म्हणत, पण तापट हा फारच सोज्वळ शब्द झाला. माणूस मारकुटा होता. एका दुपारी भाकरी करपल्याचं निमित्त होऊन त्यानं बायकोच्या, शिवलीलाच्या, कानाखाली अशी लगावली की तिला डाव्या कानानं नीट ऐकू येईनासं झालं.

ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी चहाचा कप त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, "हा हात परत उठला, कुणावर बी उठू दे, मी निपाणीला गेले म्हणून समजा. न्यायला येऊ नका." शिवलीला बोलली ते करायची. योगीराजची पाचावर धारण बसली.

त्याच सुमारास के. आर. पुरमच्या पलीकडे एका पंपाचं काम निघालं आणि तिथल्या माळावर त्यानं एक वेगळीच झुंज पाहिली. लहान इंजिनांची, हातभर लांबीची दोन खेळातली विमानं, प्रत्येकाच्या मागे कागदाची लांब शेपटी. दोघे खेळाडू एकाच वर्तुळात खांद्याला खांदा घासत उभे. ज्याच्या त्याच्या विमानापासून दोन पोलादी तारा हातातल्या मुठीपर्यंत आलेल्या. मूठ वर वळवली की विमान वर, खाली वळवली की खाली. आपल्या विमानाच्या नाकावरच्या पंख्यानं दुसऱ्याची शेपटी कापायची, एवढाच खेळ. त्यात विमानं एकमेकांवर आदळून चिंध्या व्हायची आणि बघणारे खूश व्हायचे. मूठ निसटून विमान लोकांत घुसू नये म्हणून ती चामडी पट्ट्यानं मनगटाला बांधायची, हा तिथं दर रविवारी जमणाऱ्या हौशी गटाचा पक्का नियम.

तो पट्टा बघून योगीराजला वाटलं, हे माझ्यासाठीच केलंय.

गट चालवणारे उमाकांत पुण्याचे, सरकारी कारखान्यात इंजिनियर. त्यांनी विचारलं, "का यायचंय?"

"लहानपणापासून हौस आहे, सर," योगीराज बिनदिक्कत म्हणाला.

खोटं. हौस होती ती फोडायची. आणि ती त्यानं मनसोक्त भागवून घेतली. दर रविवारी कुणाचं तरी विमान तो उभं चिरायचा. ज्यानं मोडलं त्यानंच तुकडे गोळा करून मालकाच्या हाती द्यायचे, अशी तिथली रीत होती. योगीराज मोडके पंख ओंजळीत घेऊन असा हसत जायचा की समोरच्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी. पण घरी आला की गोगलगाय. दुकानात गिऱ्हाईक वाकडं बोललं तरी कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणायचा. वर्ष असं गेलं. शिवलीला त्याच्यासमोर पुन्हा मोठ्यानं हसायला लागली, याचा त्याला कोण आनंद. त्या भरात वार्षिक स्पर्धेला तो तिला घेऊन गेला.

शेवटची झुंज उमाकांतांशी होती. शिवलीला जाळीमागे पहिल्या रांगेत. इंजिनं किंचाळत सुटली. उमाकांतांनी पहिल्याच झडपेत त्याची शेपटी बुडापासून उडवली आणि वळताना त्यांचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं.

"स्वल्प सरका, अण्णा," उमाकांत म्हणाले. "बायको बघतेय म्हणून घाबरलात काय?"

योगीराजच्या डोळ्यांपुढे लाल झालं. मुठीसकट उजवा हात खांद्यामागून उठला, थेट उमाकांतांच्या जबड्यासाठी. हातासरशी विमान उभं वर गेलं, उलटं झालं, तारा सैल पडल्या आणि ते बाणासारखं वर्तुळाच्या मध्यावर, दोघांच्या अंगावर कोसळलं. उमाकांतांनी खाली अंग टाकलं. पंखा योगीराजच्या उचललेल्या हातात घुसला. मनगटाचा पट्टा फाटला, दोन बोटं सोलून निघाली, रक्त त्याच्या तोंडावर उडालं.

लोक धावले. उमाकांत उठून म्हणाले, "विमान माझ्या डोक्यात आलं असतं. अण्णांनी हात मध्ये घातला म्हणून वाचलो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. योगीराजनं मान हलवून ते मान्य केलं. एवढी तयार सुटका त्याला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

शिवलीलानं ओढणीनं हात बांधला. दवाखान्यात टाके पडेपर्यंत शेजारी बसली. बाहेर आल्यावर तिनं रिक्षाला हात केला आणि निपाणीच्या बसस्टँडला सोडायला सांगितलं.

"अगं, त्यांना वाचवायला..."

"मी बघितलं," ती म्हणाली. "हात कसा उठला ते मला कोण सांगाया नको. तिथं पट्टा होता. घरात कोण बांधणार?"

ती रिक्षात बसली. तिला थांबवायला योगीराजनं पट्ट्या गुंडाळलेला हात पुढे केला. तेवढ्यानं शिवलीला दचकून मागे सरली आणि तिनं डावा कान झाकून घेतला. रिक्षा निघाली तरी योगीराजचा हात तसाच वर होता.