इंग्रजीचा तास कुणाचा

मी सात वर्षांची असताना आमची सत्तावीस मेंढरं दोन दिवस कोंडवाड्यात होती. आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पार पूर्वेला, कोरड्या माळावर. दिवाळी झाली की तिथला चारा संपायचा. मग घोड्यावर भांडी, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं लादायची आणि कृष्णेच्या काठाकडं चालू लागायचं. पाच-सहा बिऱ्हाडं मिळून एक वाडा व्हायचा. आमच्यात वाडा म्हणजे घर नव्हे, ही चालती वस्ती. शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात रात्रभर मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत त्याला, तो घालील ते धान्य आपल्याला. दुसऱ्या दिवशी दुसरं रान.

त्या साली आम्ही कडेगावच्या बाजूला होतो. तिथं डोंगराला झाडं लावलेली होती आणि ती रोपं कुणाच्या तरी मेंढरांनी खाल्ली होती. आमच्या नव्हे. एका दुसऱ्या वाड्याच्या. त्या वाड्याशी आमचं पाण्यावरून भांडण झालेलं, बोलणंसुद्धा बंद होतं. जंगलखात्याचा गार्ड आला आणि त्यानं माझ्या वडिलांना, आबांना, विचारलं, "मेंढरं कुणाची?"

"ठाऊक न्हाई, साहेब."

"तुला ठाऊक नाही? सगळ्या माळाला ठाऊक आहे."

"मला न्हाई ठाऊक."

मग आमचीच हाताला लागली ती मेंढरं हाकत नेली. त्यात अंगावर पिती कोकरं असलेल्या माद्या होत्या. कोकरं वाड्यावरच राहिली. आयेनं शेळीच्या दुधात फडकं भिजवून पाजून बघितलं, काहींनी घेतलं, काहींनी तोंड फिरवलं. दोन दिवस ती ओरडत होती. मेंढरं सुटून आली तोवर चार मेली होती. आये रडत आबांना म्हणाली, "नाव घेतलं असतं तर काय जीभ झडली असती?" आबा म्हणाले, "आज त्येंचं घेतलं तर उद्या आपलं घेत्याल." एवढंच. आमच्या लोकांत हे कुणी शिकवत नाही. विचारणारा वर्दीतला असेल तर दुसऱ्याच्या वाड्याचं नाव सांगायचं नसतं.

पुढं मला आश्रमशाळेत घातलं. वाडा चालत राहिला, मी एका जागी राहिले. मग सांगलीला कॉलेज, मुलींचं वसतिगृह, इंग्रजी घेऊन बी. ए., एम. ए., मग बी. एड. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली आणि हे सांगताना मी कधी मान खाली घातलेली नाही. चुलते म्हणायचे, "इंग्रजी शिकून काय करणार गं? आपली मेंढरं इंग्रजीत वरडत्यात व्हय?" सगळे हसायचे. आबाही हसायचे. पण दर सहामाहीला वसतिगृहाच्या दारात ज्वारीचं पोतं घेऊन तेच उभे असायचे.

बी. एड. झाल्यावर त्यांनी मला दोन वर्षं दिली. जतकडचं एक स्थळ आलेलं होतं. मुलगा वाईट नव्हता, दोनशे मेंढरं होती, शांत होता. आबा म्हणाले, "दोन वर्सांत कायमची नोकरी लागली तर तुझं तू बघ. न्हाई लागली तर मी त्येंना किती दिस थोपवू?" बोलणं सरळ होतं. मी हो म्हटलं.

नोकरी मिळाली ती साताऱ्याच्या पश्चिमेला, मेढ्याच्याही पुढं डोंगरात, एका खासगी निवासी शाळेत. इंग्रजीची जागा एकच. पण तिच्यावर मी नव्हते. मी होते सहायक. जागेवर होती एक परदेशी बाई.

इंग्लंडच्या उत्तरेकडची, पन्नाशीला आलेली, हाडापेरानं मोठी, उन्हानं नाक सोललेली. एस. टी. स्टँडवर शाळेचा जो फ्लेक्स होता त्यावर तिचा फोटो माणसाएवढा होता. पालक प्रवेशाला यायचे ते आधी तिलाच बघायचे. एक आजोबा तर ऑफिसात न बसता सरळ वर्गाच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "हाय की. खरीच हाय." आणि नातवाची फी भरली.

काम असं वाटलेलं होतं. तास तिचे, वह्या माझ्या. ती वर्गात उभी राहून मुलांशी बोलायची, गाणी म्हणायची, चित्रं दाखवायची. मग मी पाठीमागून जाऊन धडा शिकवायची, प्रश्नोत्तरं लिहून घ्यायची, चाचण्या तपासायची. मुलं तिला मॅम म्हणायची आणि मला नुसतं ताई. मेसमध्ये तिच्यासाठी वेगळं, बिनतिखटाचं व्हायचं. माझ्या मनात जळायचं आणि ते मी लपवत नव्हते. एम. ए. ला पहिला वर्ग माझा. तिच्याकडं महिन्याभराच्या ऑनलाइन कोर्सचा एक कागद. मी संस्थाचालकांना विचारायची, माझं काय? ते म्हणायचे, "जूनला बघू." पहिला जून असाच गेला.

ती इथं का आली, याची उत्तरं ती माणूस बघून द्यायची. पालकांच्या मेळाव्यात म्हणायची, भारताची संस्कृती आवडते. संस्थाचालकांना म्हणायची, मुलांची सेवा. स्टाफरूममध्ये म्हणायची, डोंगर, हवा. आमच्या गणिताच्या सरांनी एकदा माझ्या कानात सांगितलं, "हे लोक तिकडं चाललं नाही की इकडं येतात. इकडं गोरं कातडं चालतं." मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

खरं उत्तर आबांनी काढलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी ते मला भेटायला आले. डोंगरात थंडी म्हणून घोंगडं आणलेलं, आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं, काळंभोर. ती व्हरांड्यात बसली होती. आबांनी तिला खालून वर बघितलं आणि मला म्हणाले, "इचार तिला, तिकडं पाणी न्हाई का?"

मी शरमले. "आबा, असं विचारत नाहीत."

"अगं इचार तर. माणूस घर सोडून येवढ्या लांब येतंय ते कशापायी?"

मी विचारलं. ती म्हणाली, पाणी खूप आहे, रोज पाऊस पडतो.

"मग आली कशाला?"

मी हेही भाषांतर करून सांगितलं. मग तिनं जे सांगितलं ते मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. तिची आई अकरा वर्षं अंथरुणाला होती. हिनं दुकानातली नोकरी सोडून तिचं केलं. घर सरकारी, भाड्याचं, आईच्या नावावर. आई गेली आणि घर परत द्यावं लागलं. भाऊ होता, त्याच्याकडं चार महिने सोफ्यावर झोपली. मग भावजय बोलली. अकरा वर्षं काय करत होतीस, असं नोकरी देणारे विचारायचे आणि आईचं करत होते म्हटलं की त्यांचा चेहरा बदलायचा. तेव्हा कुणीतरी सांगितलं की परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्याला खोली आणि जेवण मिळतं. "इथं मी वर्गात आले की मुलं उभी राहतात," ती म्हणाली. "तिकडं माझ्यासाठी कोणी बसल्या जागेवरून सरकलंसुद्धा नसतं."

मी सगळं आबांना सांगितलं. आबांनी मान हलवली. "म्हंजे वाडा मोडला हिचा." आणि हातातलं घोंगडं तिच्या मांडीवर ठेवलं.

"आबा, ते माझं ना?"

"तुला हाय की दुसरं."

ती घोंगड्याचा वास घेत होती. मेंढराचा वास येतो त्याला, धुतलं तरी जात नाही. मला त्या क्षणी तिचा फार राग आला. माझी जागा, माझी मुलं आणि आता माझं घोंगडंही.

डिसेंबरात साताऱ्याहून दोघं जण तिच्या चौकशीला आले. शाळेत आदल्या दिवशीच फोन आला होता. मुख्याध्यापकांनी आम्हाला बसवून सांगितलं होतं, "विचारलं तर म्हणायचं, पाहुण्या आहेत. मुलांना बघायला येतात. बाकी काही माहीत नाही." तेव्हा मला कळलं की तिचा व्हिसा नुसता फिरायला येण्याचा होता, त्यावर शिकवता येत नव्हतं. मधे दोनदा ती श्रीलंकेला जाऊन आली होती, ते राहायची मुदत संपत आली म्हणून. शाळेनं कागद करून देतो म्हणून तिला दीड वर्षाहून जास्त टांगून ठेवलं होतं.

चौकशीची माणसं सभ्य होती. एक पोलीस बाई आणि एक साहेब. चहा घेतला नाही. स्टाफरूममध्ये एकेकाला विचारलं. गणिताचे सर म्हणाले, पाहुण्या आहेत. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, पाहुण्या आहेत. शिपाई म्हणाला, "मला काय म्हाईत न्हाई साहेब, मी नळाला असतो." मग माझ्याकडं वळून साहेबांनी विचारलं, "इंग्रजीचा तास कुणाचा?"

"माझा" म्हणता आलं असतं. ते खोटंही झालं नसतं. धडा मीच शिकवत होते, वह्या मीच तपासत होते. एका शब्दाचं काम होतं.

मी म्हणाले, "तास त्यांचे. वह्या माझ्या."

"किती दिवसांपासून?"

"मी आले त्याच्या आधीपासून. दीड वर्ष तर मीच बघतेय."

पोलीस बाईंनी लिहून घेतलं. खोलीत कुणी माझ्याकडं बघेना. मी खोटं बोलत नाही, तोंडावर बोलते, असं मी स्वतःबद्दल सांगत आले आहे. त्या दिवशीही मनाशी तेच म्हणत होते. पण जागा एकच होती, जून सहा महिन्यांवर होता आणि मला काय होणार ते नीट ठाऊक होतं. खरं बोलणं एवढं सोपं मला आयुष्यात कधी गेलं नव्हतं.

संस्थाचालक अंगावर धावून यायचेच बाकी होते. "तुला कोणी सांगितलं होतं जीभ चालवायला? जा आपल्या मेंढरांकडं!" पण दहावीची परीक्षा मार्चला, मध्येच डोंगरात यायला दुसरं कोण तयार होणार? मला काढता येईना. शाळेला काय दंड-बिंड झाला ते मला सांगितलं नाही. तिला मात्र देश सोडून जायला सांगण्यात आलं.

जायच्या सकाळी ती माझ्या खोलीच्या दाराशी आली. दोन बॅगा, वर दोरीनं बांधलेलं घोंगडं. मला वाटलं काही बोलेल, मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं विचारलं, "साताऱ्याची गाडी किती वाजता?"

"साडेसात."

"व्हिएतनामला एक शाळा आहे," ती म्हणाली. "तिथं खोली देतात म्हणे."

मी एक बॅग उचलायला पुढं झाले. तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली, रागानं नव्हे, जशी अनोळखी हमालाच्या हातातून घेतात तशी. मुलं सकाळच्या अभ्यासाला बसली होती. गेटपर्यंत कुणी आलं नाही.

जानेवारीत वाडा पलूसजवळ उसाच्या खोडव्याशेजारी एका रानात बसला होता. मी भेटायला गेले. आबांनी पहिलं तिचंच विचारलं, "ती बाई बरी हाय का?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, साहेबांचा प्रश्न आणि माझं उत्तर, शब्दाला शब्द.

आबा मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी शिवत होते. सुई थांबली.

आये म्हणाली, "पोरगीनं खरं ते सांगितलं. त्यात काय चुकलं?"

"मी कुठं चुकलं म्हटलं?"

"मग असं गप का?"

"इचारलं, तिनं सांगितलं," आबा म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "त्या चार कोकरांची तुला याद हाय का गं?"

"आबा, ती बाई म्हणजे काय मेंढरं नव्हेत."

"व्हय," आबा म्हणाले. "मेंढरं म्या सोडवून आणली."

ते उठून जाळीचं दुसरं टोक बघायला गेले. आये मला भाकरी वाढत राहिली, एकीवर एक, मी नको म्हणत असताना. त्या दिवसापासून आबांनी माझ्या नोकरीबद्दल काही विचारलं नाही. पुढं वेळ आली तेव्हा जतच्या लोकांना मात्र त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, पोरगी यायची न्हाई, दुसरीकडं बघा. आपला शब्द त्यांनी पाळला.

मार्चपर्यंत मी एकटीनं शिकवलं. मुलं पहिले काही दिवस दाराकडं बघायची, मग बघेनाशी झाली. एका मुलीनं वहीच्या शेवटच्या पानावर मॅमचं नाक काढलेलं होतं, सोललेलं, लाल पेन्सिलीनं. मी त्या पानावर सही करून वही परत दिली. स्टँडवरचा फ्लेक्स बराच काळ तसाच होता, उन्हानं फिका पडत गेला, मग कुणीतरी त्यावर ट्रॅक्टरची जाहिरात लावली.

दहावीत इंग्रजीला सगळी मुलं पास झाली आणि डोंगरात यायला दुसरं कुणी मिळालंही नाही. जूनमध्ये मला कायम केल्याचं पत्र मिळालं. आता इंग्रजीची जागा माझी आहे, तासही माझे आणि वह्याही माझ्या. आमच्या घराण्यात दर महिन्याला पगार घेणारी आणि बारा महिने एका जागी राहणारी मी पहिली.