फाडायचा अंक

कर्जतला एका पुढाऱ्यांच्या कचेरीला लागूनच माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दर महिन्याला खालापूरच्या एसटीतून एक म्हातारे गृहस्थ उतरतात. खांद्याला पिशवी, पिशवीत स्वतःचं राजकीय मासिक. तरुणपणी मोहोपाड्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून त्यांनी ते काढलं म्हणे. लिहायचं, छापून आणायचं, वाटायचं, सगळं तेच करतात. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना संपादक म्हणतात.

अंकात ज्याला झोडपलेलं असतं, त्याला पहिला अंक ते स्वतः नेऊन देतात. आमच्या पुढाऱ्यांना तर दोन. "एक फाडायला, एक वाचायला," असं सांगून शांतपणे खुर्ची ओढून बसतात. पुढारी पहिला टराटरा फाडतात, दुसरा उघडतात आणि चहा मागवतात. हा कार्यक्रम मी कधी चुकवत नाही. गिऱ्हाईक थांबतं.

गेल्या महिन्यात संपादकांनी एकच अंक पुढे केला.

"आज एकच?" पुढारी चमकले.

"ठाकरवाडीचा रस्ता तुमी खरंच केलात. तेच लिवलंय. फाडण्यासारखं काय नाय."

पुढाऱ्यांनी उभ्या उभ्या वाचून काढलं आणि टेबलावर थाप मारली. "झकास! अजून पन्नास द्या, मी वाटतो."

संपादक चहा न घेताच उठले. माझ्या दुकानात येऊन त्यांनी चष्मा चढवला आणि आपलाच अंक उघडला.

"काय झालं, संपादक?"

"थांब रं," ते म्हणाले, "त्यांना एवढा आवडला म्हंजे कुठंतरी माझंच चुकलंय."